‘कुटुंबासाठी जगले’, याच्या पुढे काय लिहू?

पत्र

ताई, माझे बाबा 92 व्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हा सगळे जमणार आहेत आणि दादाने फर्मान काढलंय की बाबांवर दोन पानं मी लिहायची. आठवडाभर कागद समोर आहे. त्यावर एकच ओळ आहे : ‘बाबा आयुष्यभर कुटुंबासाठी जगले.’ पुढे काही सुचत नाही. त्यांनी कुठलं पद भूषवलं नाही, गाजवलं नाही. नोकरी, घर, आम्ही तिघं आणि आई, बस्स. डोळे मिटले की मला फक्त शेवटची दोन वर्षं दिसतात, पलंगावरची. ते तापट होते, हे लिहावं असं मला वाटतं, तर दादा म्हणतो, ‘आता कशाला?’ धाकटी म्हणते, तापट? आपले बाबा? त्यांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, पण त्यात आकड्यांशिवाय काही नाही. एकदा बदलीवर मिळणारी बढती त्यांनी नाकारली होती म्हणे, का ते कुणी विचारलं नाही. लोक म्हणतात भरलं आयुष्य जगले, रडायचं कशाला. दादा म्हणतो, मी अजून ‘स्वीकारा’च्या टप्प्यावर आलेली नाही. मी मात्र मधेच भाजी चिरताना रडते.
— मधली

उत्तर

मधले, आधी ती ओळ खोडून टाक. ती खोटी नाही, पण ती कुणाच्याही वडिलांवर चालते. घरादारासाठी राबणाऱ्या माणसाची हीच गंमत असते. तो आयुष्यभर इतरांच्या आड उभा राहतो आणि गेल्यावर आपण कौतुकाने त्याला पुन्हा तिथेच उभा करतो. पदं, पुरस्कार असते तर तुझी दोन पानं तासाभरात झाली असती आणि बाबा त्यात कुठेच दिसले नसते.

शेवटची दोन वर्षंच का दिसतात, याचं अपराधीपण घेऊ नकोस. 1996 साली डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमान या संशोधकांनी वेदनादायक तपासणीतून गेलेल्या रुग्णांना नंतर विचारलं, किती त्रास झाला? उत्तर ठरलं ते सगळ्यात वाईट क्षणावर आणि अखेरच्या काही मिनिटांवर. तपासणी किती वेळ चालली, याचा फारसा हिशेबच नव्हता. काही मिनिटांच्या तपासणीवरून 92 वर्षांच्या माणसाचा निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं. पण मनाची खोड तीच असावी, असं मला वाटतं. पलंगावरचे बाबा वाईटही आहेत आणि शेवटचेही, म्हणून ते पुढे येऊन बसतात. त्यांना हाकलू नकोस. एक परिच्छेद त्यांना दे आणि मग मागे जा.

मागे जायची वाट तुझ्या डोक्यात नाही, आईच्या आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या जास्त आणि जास्त स्पष्ट येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. आईची ती वर्षं म्हणजे लग्न, पहिलं बिऱ्हाड, दादाचा जन्म. तुझ्या जन्माआधीचे बाबा तिथे आहेत. फक्त ‘आई, बाबा कसे होते गं?’ असं विचारू नकोस, ‘चांगले होते’ एवढंच उत्तर मिळेल. कामावरून आले की आधी काय करायचे? तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं? पैसे कमी पडले तर तुला सांगायचे की गप्प व्हायचे? घर बदललं तेव्हा कुठली वस्तू टाकू दिली नाही? जुना फोटो हातात दे आणि फोटोतल्या माणसांबद्दल नाही, फोटोच्या बाहेर कोण उभं होतं ते विचार. फोनवर रेकॉर्ड कर, अर्ध्या तासाच्या आत थांब आणि तिचं एखादं साल चुकलं तर दुरुस्त करू नकोस. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेव.

आता त्या वह्या. ‘आकड्यांशिवाय काही नाही’ हे वाचून मी कपाळाला हात लावला, बाई! अगं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, रोजचं, वर्षानुवर्षांचं, आणि कुणाला दाखवायला म्हणून न लिहिलेलं असं आत्मचरित्र किती जणांना मिळतं? एक दुपार काढ आणि रकमा न बघता नोंदी बघ. कुणाच्या नावाने किती वेळा खर्च पडलाय? तुमचे कपडे, तुमची पुस्तकं, आईचं औषध. स्वतःच्या चपलांची नोंद किती वर्षांनी येते? कुठल्या नातेवाइकाला दिलेले पैसे ‘उसने’ म्हणून लिहिलेत आणि परत आल्याची नोंद कधीच नाही? कुठल्या महिन्यात सगळंच आखडलेलं दिसतं, आणि त्या महिन्यात घरात काय चाललं होतं? ‘किरकोळ’ या नोंदीखाली दर महिन्याला काय जात होतं, हे आईला नक्की विचार. त्यात त्यांची एखादी छोटी चैन सापडली तर मला फार आनंद होईल, कारण सतत त्याग करणाऱ्या माणसाची मला जरा भीती वाटते. शेवटच्या वह्यांत अक्षर कधी हलायला लागलं तेही दिसेल.

बढती नाकारल्याची गोष्ट जपून हाताळ. ‘मुलांच्या शाळेसाठी त्यांनी बढतीवर पाणी सोडलं’ हे वाक्य तुझ्या पेनाच्या टोकावर येऊन बसलं असणार. आईने सांगितलं तर लिही. नाही तर ‘नाकारली, का ते आम्ही विचारलं नाही’ एवढंच लिही. कदाचित तिथला साहेब त्यांना आवडत नसेल. कदाचित त्यांना ते शहर सोडवत नसेल, स्वतःसाठी. तो हक्क त्यांना असू दे.

तापटपणाबद्दल तुम्ही तिघंही खरं बोलताय. पत्रात वयं लिहिलेली नाहीत, पण पहिल्या आणि शेवटच्या मुलात आठ-दहा वर्षांचं अंतर असेल तर त्यांना एकच बाप मिळत नाही. एकाला मिळतो नोकरीत नवा, पैशाने ओढलेला, घाबरलेला तरुण. दुसऱ्याला मिळतो जरा स्थिरावलेला, वरच्या मुलांनी आधीच घासून गुळगुळीत केलेला माणूस. तेव्हा ‘बाबा तापट होते’ असं विशेषण चिकटवू नकोस, प्रसंग सांग. कशावरून चिडले, काय म्हणाले, आणि नंतर काय केलं. राग उतरल्यावर माफी न मागता माणसं काहीतरी करतात : बिघडलेली सायकल दुरुस्त करून ठेवतात, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण ओढतात. तुझ्या बाबांनी काय केलं, ते तुला आठवेल. आठवलं नाही आणि राग नुसताच राग होता, तर तसंही लिहायला हरकत नाही. दादाला हे पटत नसेल तर त्याने त्याचं पान वेगळं लिहावं, धाकटीनेही. तीन पानं जुळली नाहीत तर बिघडलं कुठे?

राहता राहिले दादाचे टप्पे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी नकारापासून स्वीकारापर्यंतचे ते पाच टप्पे 1969 मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लागू केले गेले, आणि ती काही शाळेची इयत्ता नाही की तू मागच्या वर्गात राहिलीस. वर्षभराने भाजी चिरताना डोळे भरून येणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे. पण त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेली तीव्र ओढ किंवा दुःख आणि त्यापायी रोजचं जगणं विस्कटणं, दोन्ही लागतं. झोप, जेवण, काम सुटत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मला पत्र न लिहिता डॉक्टरांकडे जा. नसेल, तर खुशाल रड. आणि ‘भरलं आयुष्य’ म्हणणाऱ्यांना सांग की 92 वर्षांचा माणूस गेला म्हणजे तुझ्या वयाइतकी जुनी सवयही गेली. तुझ्या आयुष्यातला एकही दिवस त्यांच्याशिवायचा नव्हता.

दोन पानं मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं पुरतात, त्याहून लांबवू नकोस. आवाज दाटेल असं वाटत असेल तर वाचायला दुसऱ्या कुणाला तरी आधीच सांगून ठेव. आणि जमायच्या आदल्या आठवड्यात आईला वाचून दाखव. ती जे काढ म्हणेल ते काढ, त्यावर दादाशी किंवा माझ्याशी चर्चा नको.

— तुझी ताई