दार हलवायचं की पत्रा?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही औसा तालुक्यात खेड्यात राहतो. घर दोन खोल्यांचं, विटांच्या भिंती, वर पत्रे. आम्ही दोघं, सासू-सासरे, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. वर्षभरापासून घरात शांतता म्हणून नाही. मुलगा शाळेतून आला की चिडचिड करतो, परवा वही फाडली. मुलीला तीन आठवड्यांपासून खोकला आहे. औषध आणलं की चार दिवस बरं, पुन्हा सुरू. मिस्टर पारावर बसतात, रात्री दहा-अकराशिवाय घरी येत नाहीत. माझं अन् सासूबाईंचं दुपारी काही ना काही होतंच. घरकुल मंजूर झालंय, पण सासरे स्लॅबला नाही म्हणतात. किल्लारीच्या भूकंपात त्यांचे आई-वडील माळवदाच्या मातीच्या छताखाली गेले. सासूबाईंनी एका जाणकाराला बोलावलं होतं. तो म्हणाला, दार दक्षिणेला आहे, ते पूर्वेला करा. खर्च अठरा हजार. मला रात्री झोप लागत नाही, पण ते चालायचंच. घराला खरंच दोष असतो का?

उत्तर : असतो. एकतीस वर्षं मी आरोग्यसेविका होते. लेकरांना लस टोचायला, बाळंतिणी बघायला घरोघर फिरले, तेव्हा घराच्या दोषावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे. फक्त मी दाराची दिशा बघत नव्हते. उंबऱ्यात चप्पल काढली की आधी वर बघायची, मग खिडकी शोधायची, मग चूल कुठं आहे ते. आजारी माणूस त्यानंतर दिसायचं. तुमचे अठरा हजार डब्यात राहू द्या. दार पूर्वेला नेलं तरी पत्रा डोक्यावर तोच राहणार.

आधी खोकल्याचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे घरी बसून बघायची गोष्ट नाही. उद्याच मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि "तीन आठवडे झाले" हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. औषधाच्या दुकानातून बाटली आणणं बंद. सासऱ्यांना किंवा आणखी कुणाला जुना खोकला असेल तर त्यांचीही टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात तिथं एकाचा आजार एकापुरता राहत नाही. आणि चूल घरात असेल, तुम्ही लिहिलं नाही पण असणारच, तर ती बाहेर काढा. गॅस चहापुरता, भाकरी चुलीवर, हे मला माहीत आहे. सिलिंडर भरायचा तर पैसे लागतात. पण तुराट्या-पऱ्हाट्यांचा धूर त्या सहा वर्षांच्या लेकराच्या छातीत रोज दोन वेळा जातो. भिंतीला टेकून छपरी करा, चूल तिथं न्या.

आता पत्रा. आमच्या उपकेंद्राला सुरुवातीला पत्र्याचं शेड होतं. लाइट जायची म्हणून मी मेणबत्त्यांचा पुडा फळीवर ठेवला होता. मे महिन्यात काढायला गेले तर सगळ्या मेणबत्त्या एकमेकींवर मान टाकून पडलेल्या, एकही सरळ नाही. त्या फळीच्या उंचीवर माणसाचं डोकं असतं. तुमचा मुलगा सकाळची शाळा सुटून बाराला त्याच धगीत येतो आणि आपण त्याला म्हणतो, गप बस, अभ्यास कर.

दुपारच्या भांडणावरून एक घर आठवलं. निलंगा तालुक्यातलं, तुमच्यासारखंच पत्र्याचं. तिथं सासू-सुनेचं रोज दीडच्या सुमाराला वाजायचं. कधी ताकावरून, कधी धुण्यावरून. दोन-तीनदा मीही मध्ये पडले, दोघींना शहाणपण शिकवलं. मग एकदा दुपारी दोनला लसीच्या कामाला गेले तेव्हा दिसलं. रांजणाच्या बुडाशी दोन हात ओली, गार जागा होती. घरात पाठ टेकावी अशी तेवढीच. जी आधी आडवी व्हायची ती जिंकायची, दुसरी तासभर भांडी आपटायची. माझ्या शहाणपणाचा तिथं काही उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधले, तेव्हा ताकाची भांडणं निम्म्यावर आली. उरलेली निम्मी मात्र खरी होती, ती मला मिटवता आली नाहीत.

तुम्हीही या उन्हाळ्यात एवढं करा. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा फेविकॉल कालवला म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. पाऊस झाला की धुपेल, दरवर्षी द्यावा लागेल. चढणाऱ्यानं सकाळी चढावं आणि खिळ्यांच्या रांगेवरच पाय द्यावा, खाली आडवा पाइप तिथंच असतो. आत तट्टे लावताना पत्रा आणि तट्ट्यात वीतभर पोकळी सोडा, चिकटवून लावले तर धग खाली येतेच. चूल बाहेर गेल्यावरच तट्टे बांधा, आधी नको. खिडकीच्या समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला चार विटांची जागा मोकळी करून जाळी बसवा. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. कूलर असेल तर त्यालाही हीच गोष्ट लागू. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवला की खोली दमट होते, गोधड्यांना वास लागतो आणि खोकला हटत नाही. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासायची. आम्ही त्याला कोरडा दिवस म्हणायचो. लोक हसायचे, डेंग्यू झाला की हसायचे थांबायचे.

सासऱ्यांचं जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांना तुम्ही घरातली अडचण समजता असं पत्रावरून वाटलं. मी माळवदातच वाढले. सागाची तुळई, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात आत गेलं की अंगावरचा घाम निवायचा. आजोबा पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती पसरायचे, गळू नये म्हणून. जुनी माती कुणी काढत नसे, थरावर थर. भिंती दोन-अडीच फूट जाड, आतून-बाहेरून दगड आणि मधे मातीचा भराव, पण दोन्ही बाजू सांधणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या भिंती फुटून उघडल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्या दिवसांत मी पट्ट्या बांधत फिरत होते. पुढं नवी पक्की घरं मिळाली तरी कितीतरी कुटुंबं घराला कुलूप लावून अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. पत्रा पडला तरी माणूस वाचतं, हा त्यांचा हिशेब होता. सासऱ्यांचा हिशेब आजही तोच आहे आणि तो वेडेपणाचा नाही.

म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामावर उभं करा. पाया मुरूम लागेपर्यंत खोदायचा, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर ठेवलेलं घर तडकतं. पायावर एक, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर एक आणि छताखाली एक, असे घराभोवती सलग फिरणारे सळईचे तीन पट्टे, आणि कोपऱ्यांत उभ्या सळया. मिस्त्री म्हणेल, एवढं कशाला. तेव्हा सासऱ्यांनीच म्हणावं, मला पाहिजे. सळई बांधलेली असताना, काँक्रीट पडायच्या आधी, त्यांनी प्रत्येक कोपऱ्यावर हात फिरवून बघावा. मी एका म्हाताऱ्याला असं करताना पाहिलंय. तो आतून बाहेर आला आणि त्यानं फक्त तंबाखूची चंची काढली.

आणि घर पैशाएवढंच आखा. घरकुलाची मूळ रक्कम सपाट भागात १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. ग्रामसेवकाला आठवण करत राहा. हौसेनं तीन खोल्या काढल्या, खिडकीच्या उंचीवर पैसे संपले आणि वर पुन्हा पत्रेच टाकले, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. स्लॅब पडला तरी त्याच्यावरही चुना मारायचा. तो दिवसभर सावकाश तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत धग सोडतो.

मिस्टर पारावर बसतात म्हणता. मला सांगा, त्यांनी घरी बसावं कुठं? नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला तुमच्या घरात कोपरा नाही. दुसऱ्या खोलीत मधे एक लुगडं बांधून आडोसा करा आणि सासू-सासऱ्यांना लेकरांसकट बाहेरच्या खोलीत झोपू द्या. सासूबाईंना सांगायला संकोच वाटत असेल तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा. त्यांनीही हे दिवस काढलेत.

शेवटी तुमचं स्वतःचं. सगळ्यांचं लिहून झाल्यावर तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलं, आणि त्यालाही "ते चालायचंच" जोडलं. न्हाणी आहे का घरी? शौचालय? नसेल तर तुम्ही दिवसभर पाणी कमी पीत असाल, अंधार पडायची वाट बघत असाल. अशा कितीतरी बायका माझ्याकडं लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन यायच्या. घरकुलाचा पाया आखाल तेव्हा न्हाणी-संडास आधी आखा, स्वयंपाकघर मागून. मिस्त्री आणि मिस्टर दोघंही उलट सांगतील.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करतो. वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आहे. बायको आणि आठ महिन्यांचं बाळ सोबत आहे. बाळ दिवसभर रडतं, माझी झोप होत नाही. त्यांना गावी पाठवू का?

उत्तर : बाळाला गावी पाठवून रडणं थांबेल, पण वरच्या मजल्यावरची खोली तापलेलीच राहील आणि तुम्ही दिवसा त्यात एकटे तळमळाल. रात्रपाळीच्या माणसाची झोप दिवसाची, आणि बाळही दिवसाच तिथं असतं. म्हणजे खोलीच्या सगळ्यात वाईट वेळेला तुम्ही तिघं तिच्यात आहात. बाळाला घामोळं आलंय का ते बघा, रडण्याचं कारण बहुतेक तिथंच सापडेल. लघवी कमी होत असेल किंवा अंग तापत असेल तर दवाखाना. पाच-सातशे जास्त पडले तरी तळमजल्याची खोली शोधा. आणि बघायला जाल तेव्हा दुपारी दोनलाच जा, भिंतींना आतून हात लावा. घरमालक संध्याकाळी या म्हणेल.