‘नऊ डिग्री’चा सोस आणि ड्रायव्हरबद्दलचे इतर प्रश्न

पावसाळा सरून फेअरवे सुकू लागले की या गोल्फ सदराच्या टपालात एकच विषय असतो: ड्रायव्हर, म्हणजे बॅगेतला सर्वांत लांब मारायचा क्लब. प्रश्नही तेच ते, फक्त दरवर्षी त्यांत नव्या जाहिरातीतला एखादा आकडा मिसळलेला असतो. म्हणून या वेळी २० च्या वर हँडिकॅप (आकडा जेवढा मोठा, तेवढा खेळ कच्चा) असलेल्या वाचकांचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माझा हँडिकॅप २६. सगळे ‘फरगिव्हिंग’ ड्रायव्हर घ्या म्हणतात. तो नेमकं काय माफ करतो?

चेंडू फेसच्या (हेडच्या मारायच्या बाजूच्या) मधोमध न लागता टो-कडे (शाफ्टपासून दूरच्या टोकाला) किंवा हीलकडे (शाफ्टजवळच्या टोकाला) लागला की क्लबहेड हातात पिळवटतं, वेग जातो आणि दिशाही. वजन मागे आणि कडेला सरकवलेलं हेड कमी पिळवटतं, त्यामुळे नुकसान कमी होतं. एवढंच. तुम्ही फेस उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला) ठेवून मारलात तर ते कोणतंही हेड माफ करणार नाही. आणि ‘४६० सीसी’ या छापाला भुलू नका. आकाराची ती नियमातली कमाल मर्यादा आहे आणि बाजारातले बहुतेक ड्रायव्हर तिच्या आसपासच असतात.

प्रश्न: दुकानात ‘टेन के’ ड्रायव्हर दाखवला, एमओआय (हेडचा पिळवटण्याला होणारा विरोध) १०,००० म्हणे. नियमात मर्यादा ५,९०० आहे असं वाचलं होतं. मग हा स्पर्धेत चालेल का?

चालेल. ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा उभ्या अक्षाभोवतीच्या पिळाला आहे, म्हणजे टो-हील दिशेच्या. १०,००० हा आकडा त्यात वर-खाली दिशेचा एमओआय मिळवून येतो. २०२४ मध्ये पिंग आणि टेलरमेड या दोन्ही कंपन्यांनी असे ड्रायव्हर आणले. आकडा खोटा नाही, पण तो बेरजेचा आहे हे विक्रेता आपणहून सांगत नाही. हेड चांगली आहेत, जरूर मारून पाहा. फक्त जुन्या मॉडेलचे ५,००० आणि याचे १०,०००, म्हणजे दुप्पट फायदा, असा हिशेब कुणी मांडला तर त्या दुकानातून बाहेर पडा.

प्रश्न: बॅगेत ड्रायव्हर असलाच पाहिजे का?

नाही. नियम जास्तीत जास्त १४ क्लब सांगतो, ड्रायव्हरची सक्ती कुठेच नाही.

प्रश्न: वय ५१, हँडिकॅप २४. माझ्या ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेस मागे कललेला असतो तो कोन) ९ डिग्री आहे. चेंडू खालून जातो आणि उजवीकडे वळतो. प्रशिक्षक १२ डिग्री सुचवतात, पण ग्रुपमधले मित्र म्हणतात तो बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा ड्रायव्हर. काय करू?

मित्र बदलता येत नसतील तर निदान ड्रायव्हर बदला.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंचा क्लबहेडचा वेग सरासरी ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो. तुमच्या वयाचा, शनिवार-रविवार खेळणारा माणूस ८५ ते ९० मैलांत असला तरी बरा म्हणायचा. चेंडू हवेत टिकायला वर निघण्याचा कोन लागतो आणि थोडी बॅकस्पिनही लागते. वेग कमी असेल तर ती कमतरता लॉफ्टनेच भरून काढावी लागते. कमी वेगाला कमी लॉफ्टची जोड दिली की चेंडू लवकर बसतो. लांब जाण्यासाठी घेतलेला क्लब तुम्हाला तोकडा करतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि तीच कुणी सांगत नाही. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडूची फिरकी सरळ मागे अधिक असते आणि तिचा अक्ष कमी कलतो. फेस तेवढाच उघडा राहिला तरी १२ डिग्रीवर चेंडू ९ डिग्रीपेक्षा कमी वळतो. तुमच्या स्लाइसवरचा, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्यावरचा, काही इलाज तुमच्याच प्रशिक्षकांनी सुचवला आहे आणि तुम्ही तो कट्ट्यावरच्या थट्टेसाठी नाकारता आहात!

शिवाय आपल्याकडचं हवामान. पुण्या-मुंबईच्या कोर्सवर जून ते सप्टेंबर चेंडू पडतो तिथेच रुततो. रोल मिळत नाही, कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) जेवढी तेवढंच अंतर. ‘लो बॉल, भरपूर रन’ ही टीव्हीवर ब्रिटनचे समुद्रकाठचे कोरडे लिंक्स कोर्स पाहून शिकलेली विद्या ऑगस्टमध्ये इथे चालत नाही.

क्लबवर छापलेली डिग्री एखाद्या डिग्रीने मागेपुढे असू शकते, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे ज्या आकड्याचा अभिमान बाळगायचा तोही पक्का नाही. काही मॉडेलांवर तर १२ ऐवजी ‘एचएल’ (हाय लाँच) छापलेलं असतं. गिऱ्हाइकाचा अहंकार कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.

तुमच्या ड्रायव्हरचं स्लीव्ह (शाफ्ट हेडला जोडणारा भाग) फिरवता येत असेल तर लॉफ्ट एक-दीड डिग्री वाढवून पाहा. त्याने फेस किंचित बंदही होतो, तुमच्या बाबतीत हे बरंच आहे. खरेदीआधी मात्र लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग, कोन, अंतर मोजणारं यंत्र) असलेल्या फिटरकडे, म्हणजे क्लब मापाने जुळवून देणाऱ्याकडे, जाऊन १०.५ आणि १२ दोन्ही मारा. सर्वांत लांब गेलेला एक चेंडू विसरा. सगळ्यांची कॅरी आणि डावी-उजवीकडची पांगापांग पाहा, आणि तो कागद घेऊन प्रशिक्षकांशी बोला.

प्रश्न: स्लाइस जाण्यासाठी ड्रॉ-बायस ड्रायव्हर घ्यावा का?

कमी होईल, जाणार नाही. अशा हेडमध्ये वजन हीलकडे असतं, त्यामुळे फेस बंद व्हायला मदत मिळते. पण आधी चेंडू लागतो कुठे ते बघा. फेसवर फूट-पावडरचा स्प्रे मारून दहा चेंडू मारा, ठसे दिसतील. ठसे हीलकडे असतील तर स्लाइसचा काही भाग तिथूनच येतो आहे. फोटो काढून प्रशिक्षकांना दाखवा, मग दुकान.

प्रश्न: मला रेग्युलर शाफ्ट (क्लबची दांडी) लागेल की स्टिफ? कॅडी म्हणतो स्टिफच घ्या. शिवाय ४६ इंची शाफ्टने अंतर वाढतं का?

कॅडीला ग्रीनची लाइन विचारा, शाफ्ट विचारू नका. ‘आर’ आणि ‘एस’ या अक्षरांना सर्व कंपन्यांत मिळून एक प्रमाण नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. तेव्हा अक्षर न बघता मारून बघणं एवढाच मार्ग.

लांबीचं म्हणाल तर नियम ४८ इंचांपर्यंत परवानगी देतो, आणि २०२२ पासून स्पर्धा समित्यांना ती ४६ वर आणता येते. पण तुमचा प्रश्न नियमाचा नाहीच. शाफ्ट लांब झाला की मधोमध लागणं अवघड होतं, आणि मधोमध न लागलेला चेंडू वाढलेला वेग गिळून टाकतो. महिनाभर ग्रिप इंचभर खाली धरून खेळा. बरं वाटलं तर फिटरकडून शाफ्ट कापून घ्या. घरी करवत लावू नका, लांबी घटली की हेडचं वजन हाताला वेगळं लागतं आणि ते पुन्हा जुळवावं लागतं.

प्रश्न: हेडमधून खडखड आवाज येतो.

बहुधा आतला डिंक सुटला आहे. फेसवर किंवा क्राउनवर (हेडच्या वरच्या बाजूला) तडा दिसला तर वापर थांबवा. दोन्ही बाबतींत दुकानात न्या.

प्रश्न: ऑनलाइन नवाकोरा ड्रायव्हर एक तृतीयांश किमतीत मिळतो आहे. घेऊ का?

नका घेऊ. नकली क्लबांचा धंदा मोठा आहे, फोटोवरून मलाही ओळखता येत नाहीत. स्वस्तच हवा असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे मागच्या दोन-तीन वर्षांचं मॉडेल मागा. स्पर्धा खेळणार असाल तर ते हेड आर अँड ए आणि यूएसजीए या नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हेही पाहा. अमेरिकेतल्या भावाकडून मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो: भाऊ क्लब आणेल, फिटिंग आणणार नाही.

प्रश्न: चार-पाच महिन्यांपासून ड्रायव्हर मारल्यावर उजवा खांदा दुखतो. हलका शाफ्ट घेतला तर थांबेल का?

चार-पाच महिने! शाफ्टचा विचार आत्ता बाजूला ठेवा. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील तोवर रेंजवर जाऊ नका. पटिंग चालेल का हेही त्यांनाच विचारा. खेळायची परवानगी मिळाली की त्यांची चिठ्ठी घेऊन फिटरकडे या, वजन आणि ग्रिप तेव्हा ठरवू.