एकेक पदार्थ सोसेनासा होत चाललाय, यादी वाढतच आहे. अशा वेळी काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि सगळंच ओळखीचं वाटलं. आधी दूध बंद झालं, मग गहू, मग कांदा-लसूण, आता कडधान्यं आणि सफरचंदसुद्धा. दोन वर्षांत इतकं सगळं गेलं, आणि आता जेवायला बसायचीच भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण या वाटेवर चार वर्षं काढली आहेत. एक वेळ अशी होती की माझ्या ताटात फिरून फिरून सातच पदार्थ यायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात पोटाच्या संसर्गाने झाली. आठवडाभर जुलाब-उलट्या झाल्या, त्यातून बरी झाले, पण पोट काही पूर्वीचं राहिलं नाही. दूध घेतलं की दोन तासांत पोट डब्ब. दूध सोडलं, महिनाभर बरं वाटलं. मग एका संध्याकाळी पुन्हा तीच कळ आली. त्या दिवशी गव्हाचं खाल्लं होतं, म्हणून गहू गेला. पुढे कांदा, लसूण, राजमा, फ्लॉवर, टरबूज. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता. वरची नावं निळ्या शाईत, नंतरची काळ्या, मग पेन्सिलीने, आणि शेवटची जागा उरली नाही म्हणून समासात उभी लिहिलेली. एकूण तेवीस. शेवटी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यातलं एकही नाव खोडलेलं दिसत नाही. सोडलेलं परत कधी काही खाऊन बघितलंत?"

बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

मला तुम्हाला सांगायचंय ते मुख्यतः हेच. कागदावर नाव चढायला एक वाईट दिवस पुरतो. नाव उतरवायची मात्र आपण काही रीतच ठेवलेली नसते. मग यादी वाढणार नाही तर काय होईल? काही पदार्थ खरंच सोसत नसतील, ते सोडावेच लागतील. पण यादीतला प्रत्येक पदार्थ तितकाच दोषी आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासायला बसण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून करून घ्या. यात हयगय नको.

पहिली गोष्ट गव्हाची. सिलिॲक नावाचा आजार साधारण शंभरात एकाला असतो. त्यात ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. टीटीजी-आयजीए ही त्याची रक्ततपासणी. अडचण अशी की गहू सोडलेला असेल तर ती तपासणी खोटी 'ठीक' येऊ शकते, कारण ज्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) शोध घ्यायचा तेच कमी झालेले असतात. मी आधी गहू सोडला आणि मग तपासणीला गेले. परत पाठवलं. सहा आठवडे रोज गव्हाचं खाऊन या म्हणाले. ते सहा आठवडे फार जड गेले. तुम्हीही गहू सोडलाय, म्हणून हे आधी सांगते. किती आणि किती दिवस खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आजार नाही असं एकदा नक्की कळलं की गव्हाकडे निराळ्या नजरेने बघता येतं, आणि आहे असं कळलं तर मग 'थोडंसं चालेल' ही भाषाच संपते.

दुसरी गोष्ट ॲलर्जी. न सोसणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वास लागणं, यातलं काहीही कधी झालं असेल, तर तो पदार्थ घरी खाऊन बघायचा नाही. तिथे जिवाला धोका असतो. तसंच वजन आपोआप उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, रक्त कमी झालं असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, तर पथ्याच्या मागे न लागता आधी पोटाचे डॉक्टर गाठा.

आणि एक तपासणी मात्र करू नका. बोटातून रक्त घेऊन शेकडो पदार्थांचा 'इनटॉलरन्स रिपोर्ट' देणारी, आयजीजी प्रतिपिंडांवर आधारलेली. मी केली होती. बेचाळीस पदार्थ लाल रंगात आले आणि मी तो रिपोर्ट हातात घेऊन रडले. नंतर कळलं की आयजीजी हे साधारणपणे आपण तो पदार्थ खात आलोय याची खूण असते, तो सोसत नाही याची नव्हे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच या कामासाठी ही तपासणी वापरू नये असं सांगितलंय. जो माणूस रोज जे खातो तेच त्यात लाल दिसू शकतं. आधीच सात पदार्थांवर आलेल्या माणसाच्या हातात असा कागद देणं क्रूर आहे, असं मला आजही वाटतं.

आता तुमच्या यादीकडे वळू. दूध, गहू, कांदा, लसूण, कडधान्यं, सफरचंद. तुम्हाला ही सहा वावडी वाटतात, पण बहुधा हे एकच घराणं आहे. दुधात लॅक्टोज, गहू-कांदा-लसणात फ्रुक्टन, कडधान्यांत गॅलॅक्टन, सफरचंदात जास्तीचं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल. या सगळ्या लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा आणि छोटी कर्बोदकं. ती तशीच पुढे मोठ्या आतड्यात जातात, सोबत पाणी ओढतात, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो आणि आतडं ताणलं जातं. लॅक्टोज सोडलं तर हे थोडंफार सगळ्यांच्याच पोटात होतं. ज्यांचं आतडं हळवं झालंय त्यांना ते ताणणं दुखतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ मध्ये या घराण्याला फॉडमॅप हे नाव दिलं. हे कळलं त्या दिवशी माझ्या तेवीस नावांतली सतरा एका कंसात बसली. मनावरचं ओझं तेव्हाच अर्धं उतरलं.

नॉर्वेत झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सिलिॲक नसलेल्या, पण ग्लुटेन सोसत नाही म्हणून ते स्वतःहून सोडलेल्या ५९ जणांना कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टन, तर कधी यांतलं काहीच नसलेला खाऊ आठवडाभर दिला, कशात काय आहे ते न सांगता. त्रास सर्वांत जास्त झाला तो फ्रुक्टनने. म्हणजे गव्हातल्या ज्या घटकावर आळ होता तो ग्लुटेन बऱ्याच जणांच्या बाबतीत निर्दोष, आणि खरा त्रास देणारा फ्रुक्टन, जो कांद्यातही असतो.

एक घराणं म्हटलं की प्रमाणाचा मुद्दा येतो. सकाळी थोडं दूध, दुपारी थोडा कांदा, संध्याकाळी सफरचंद, एकेकटं यातलं काहीच बाधत नाही. सगळं एका दिवशी आलं की सहनशक्ती ओलांडली जाते, आणि आळ येतो शेवटी खाल्लेल्यावर. माझी निम्मी यादी अशीच भरली होती.

वेळेचीही एक फसवणूक असते. सकाळी केळं खाल्लं की दहा मिनिटांत मला कळ यायची, म्हणून केळं यादीत गेलं होतं. खरं तर दहा मिनिटांत केळं जठरातून बाहेरही पडलेलं नसतं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची नेहमीची सवय आहे, आणि त्या वेळी मोठ्या आतड्यात असतं ते आदल्या दिवशीचं. माझ्या वहीत बघितलं तर केळ्याच्या प्रत्येक वाईट सकाळी आदल्या रात्री राजमा होता. म्हणून वहीत फक्त 'काय खाल्लं' लिहू नका. वेळ लिहा, अंदाजे किती ते लिहा, झोप कशी झाली, पाळी असेल तर ते, ताणाचा दिवस होता का ते. दोन आठवडे पुरेत. वर्षानुवर्षं ही वही चालवली तर तीच छळायला लागते.

संसर्गानंतरच हे का सुरू होतं, याचंही थोडं उत्तर मिळालंय. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की आतड्यात संसर्ग चालू असताना जे अन्न पोटात जातं त्यालाच शरीर शत्रू समजून बसू शकतं, आणि मग संसर्ग गेला तरी ते अन्न आलं की आतड्याच्या भिंतीत त्या जागेपुरती प्रतिक्रिया उठते. माणसांच्या आतड्यातही त्याच्या खुणा दिसल्या. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं मला घरच्यांनीही ऐकवलं होतं. तुम्हालाही कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

रीत अशी. ज्याचा संशय आहे ते घराणं दोन ते सहा आठवडे पूर्ण बाजूला ठेवायचं, त्याहून जास्त नाही. आराम पडलाच नाही तर हे घराणं दोषी नाही, पथ्य सोडून द्यायचं आणि दुसरीकडे शोधायचं. आराम पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा: तीन दिवस, रोज थोडं वाढवत, बाकी जेवण तेच ठेवून. मग दोन-तीन दिवस मोकळे, आणि मग पुढचा पदार्थ. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. बरेच लोक पहिल्या टप्प्यातच घर करून राहतात, कारण तिथे बरं वाटतं. पण ही कर्बोदकं आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचंही अन्न आहेत. या पथ्यात त्यांतले बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे. शिवाय कॅल्शियम आणि तंतू कमी पडतात ते वेगळंच.

मी दुधापासून सुरुवात केली. रविवार, सकाळचे दहा. मोजायच्या कपात पाव कप दूध ओतलं आणि ओट्यापाशी उभी राहिले. दोन वर्षांत दूध तोंडाला लावलं नव्हतं. त्याचा वास इतका गोड येतो हे विसरले होते. प्यायले, वहीत वेळ लिहिली आणि खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघत राहिले. साडेअकराला गुडगुड झाली आणि मी घाबरले, आता कळ येणार म्हणून. आली नाही. दुपारी पोट जरा फुगलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. दुसऱ्या दिवशी अर्धा कप, तसंच. तिसऱ्या दिवशी पूर्ण कप घेतला तेव्हा मात्र रात्री चांगलीच कळ आली. म्हणजे अर्धा कप चालतो. कपाटाच्या दारावरचं 'दूध' खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'अर्धा कप'. नंतर वाचलं की दुधातली साखर नीट न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारसा त्रास न होता चालतं. माझं त्याहून कमी निघालं, पण शून्य नक्कीच नव्हतं. दही आणि मुरवलेलं कडक चीज तर मी उगीचच सोडलं होतं. चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही, आणि दह्यातले जिवाणू ते पचवायला मदत करतात.

लसणाची चव परत मिळाली तो दिवसही लक्षात आहे. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास देणारं बाहेर जातं. रश्शात शिजवून मग काढला तर उपयोग नाही, तोवर ते पाण्यात उतरलेलं असतं. कडधान्यं भिजवून ते पाणी फेकलं तर काही गॅलॅक्टन त्याबरोबर जातं. केळं कमी पिकलेलं सोसतं, फार पिकलेलं नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये सॉर्बिटॉल असतं. मी तोंडाला वास नको म्हणून ते दिवसभर चघळत होते आणि दोष जेवणाला देत होते.

भीतीबद्दलही लिहायला हवं, कारण तुम्ही तो शब्द वापरलाय. त्रास होणार या धास्तीने खाल्लं तर आतडं खरोखरच जास्त दुखतं. मेंदू आणि आतडं यांचा संबंधच तसा आहे, आणि ते दुखणं खोटं नसतं. पण त्यामुळे सुरक्षित वाटणारे पदार्थही एकेक करून गळतात. वजन घटत असेल, लोकांत जेवणं बंद झालं असेल, दिवसभर डोक्यात अन्नच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशीही बोला. मला सहा भेटींनी फरक पडला, आणि त्या आधी घेतल्या असत्या तर दोन वर्षं वाचली असती. कुणाकडे जेवायला जायचं तर मी आता 'मला हे हे चालत नाही' याऐवजी 'मला हे दोन पदार्थ छान चालतात' असं आधीच कळवते. रांधणाऱ्याला सोपं जातं, आणि मलाही.

आज माझ्या कागदावर चार नावं आहेत: कच्चा कांदा, लसणाच्या पाकळ्या, राजमा आणि फ्लॉवर. राजमा दोनदा परत आणून पाहिला, दोन्ही वेळा जमला नाही. आणखी सहा महिन्यांनी पुन्हा बघणार आहे, कारण सहनशक्ती वर-खाली होत राहते.

तुम्ही आधी सिलिॲकची तपासणी उरका, मग दुधापासून सुरू करा. पहिला प्रयोग असा दिवस बघून करा ज्या दिवशी कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही, आणि आदली रात्र नीट झोपेत गेलीय. पाव कपच घ्या, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी दुसरा घेऊ नका.