आजोबांचा व्हिडिओ आधी काढून टाक, मग करिअरचं बोलू

पत्र: मी बडोद्याला दांडियाबाजारात राहतो, एस. वाय. बी.कॉम.ला आहे. दोन मित्रांबरोबर प्रवासातल्या प्रँकचे व्हिडिओ करतो. परदेशी पर्यटकाचं सोंग घेऊन डभोई, पावागढ आणि कवांटच्या मेळ्यात गेलो, लोकांना वेडेवाकडे प्रश्न विचारले. १४ व्हिडिओ झालेत. एका आजोबांचा सगळ्यात जास्त चालला, पण आता त्यांचा नातू तो काढून टाकायला सांगतोय. इंग्रजी चॅनेलांवर लोक हेच करून नाव काढतात. कॉलेज सोडून पूर्ण वेळ यात पडू का?

(खाली निळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात) यात पोट भरतं का? आणि पोलीस केस झाली तर पुढे आडवी येते का? – वडील

उत्तर:

तू करिअरचं विचारलंस, पण घाई आजोबांच्या व्हिडिओची आहे. आज घरी गेल्यावर तो आधी ‘प्रायव्हेट’ कर. मग त्याचे शॉर्ट्स, इन्स्टावरची रील, दोन्ही मित्रांच्या खात्यांवर गेलेल्या कॉप्या शोध, सगळ्या काढ आणि मगच मूळ व्हिडिओ डिलीट कर. नातवाला फोन करून काढल्याचं सांग. कच्चं फुटेज ठेवायचं की पुसायचं, हेही त्यालाच विचार. चेहरा धूसर करून परत टाकायचा विचार मनात आला असेल तर सोडून दे. आवाज, फेटा, मागचा ओटा एवढ्यावर गावातला माणूस पाठमोराही ओळखू येतो. डिलीट केलेल्या व्हिडिओचे तास यूट्यूबवरच्या कमाईच्या पात्रतेत धरत नाहीत, तेव्हा तुझा आकडा खाली येईल. येऊ दे. नातवाने गोपनीयतेची तक्रार केली, तर यूट्यूब साधारण ४८ तासांची मुदत देतं आणि मग निर्णय तुझ्या हातात राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, तेच आधी नीट लाव. फिरकी घेतली की शेवटी ज्याची घेतली तोही हसतो. टवाळीत तो सोडून बाकीचे हसतात. या धंद्यातली सगळी तांत्रिक कारागिरी, म्हणजे कॅमेरा कुठे, उलगडा कधी, सही कोणाची, ही माणसाला पहिल्या बाजूला ठेवण्यासाठीच उभी केलेली असते. अमेरिकेच्या अॅलन फंटने १९४७ साली रेडिओवर आणि १९४८ साली टीव्हीवर माणसांना लपून टिपण्याचा खेळ सुरू केला, तोच पुढे ‘कँडिड कॅमेरा’ म्हणून गाजला. त्यातला महत्त्वाचा क्षण फसवणुकीचा नव्हता, ‘तुम्ही कॅमेऱ्यावर आहात’ हे सांगण्याचा होता. आपल्याकडे एमटीव्हीवर सायरस ब्रोचाच्या ‘बकरा’मध्येही उलगडा झाल्यावरचा चेहरा हाच माल होता. तुझ्या व्हिडिओंचं जे वर्णन तू केलंयस, त्यात उलगडा कुठेच नाही. प्रश्न विचारलात, हसलात आणि गाडीला किक मारलीत.

परदेशी कार्यक्रमांचं म्हणशील, तर तेही सगळे एका माळेचे मणी नाहीत. २०१० साली सुरू झालेल्या ‘अॅन इडियट अब्रॉड’मध्ये कार्ल पिल्किंग्टन ताजमहाल बघायला भारतात येतो. तिथे हसू होतं ते त्याच्या कुरकुरीचं, आणि त्याला पाठवणारे दोघं लंडनमध्ये बसून त्याचीच मजा बघत होते. उलट, २००६ च्या ‘बोरात’ या विनोदी चित्रपटात कझाकस्तान म्हणून दाखवलेलं गाव खरं तर रोमेनियातलं ग्लोद. गावकऱ्यांची तक्रार होती की आम्हाला माहितीपट म्हणून सांगितलं आणि किरकोळ पैसे दिले. त्यांनी अमेरिकेत दावाही लावला, तो टिकला नाही. पण मोठ्या स्टुडिओच्या पाठीशी वकिलांची फौज असते. तुझ्या पाठीशी दोन मित्र आणि एक फोन.

म्हणून सहीचं प्रकरण आधी शिक. संमतीपत्र एका पानाचं करावं, गुजराती आणि मराठी अशा दोन भाषांत छापावं. त्यात नाव, पत्ता, फोन, तारीख, जागा, चित्रीकरणात काय झालं याच्या दोन ओळी, ते कुठे-कुठे दाखवणार (फक्त यूट्यूब, की जाहिरातीतही), आणि नको वाटलं तर किती दिवसांत कळवायचं, एवढं हवं. सही उलगड्यानंतर घ्यायची. आधी घेतलीस तर माणसाने कशाला होकार दिला हे त्यालाच माहीत नसतं, आणि तसा कागद भांडणात उपयोगी पडत नाही. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ते वाचतानाचं चित्रीकरण करायचं. १८ वर्षांखालच्याची सही चालत नाही, आईवडिलांची लागते. कागद हातात धरलेल्या माणसाचा एक फोटो काढून ठेव. महिन्याभराने ५० फॉर्म आणि ५० चेहरे जुळवताना हाच फोटो वाचवतो. दिवसाला तीन प्रसंग हवे असतील तर सहा-सात करायच्या तयारीने जा, कारण सही नाकारणारे भेटणारच. नाकारली की ते फुटेज मेलं असं समजायचं. ‘नंतर समजावू’ म्हणून ठेवलेलं फुटेजच पुढे गळ्याशी येतं.

उलगडा करायला तू जाऊ नकोस. नुकतीच ज्याने शेंडी लावली त्याच माणसाने लगेच ‘सॉरी काका’ म्हटलं, तर पुढचा माणूस त्यालाही थट्टाच समजतो. टीममधला चौथा माणूस हवा, ज्याचं काम एवढंच: बाजूला उभं राहून चेहरा बघणं, आणि कपाळाला आठ्या पडल्या, आवाज चढला किंवा डोळे पाणावले की ताबडतोब पुढे होणं. त्याने थांबवलं की थांबायचं, तुझा पंच राहिला असला तरी. मोठ्या कार्यक्रमांत हे काम बऱ्याचदा फील्ड प्रोड्यूसर, म्हणजे जागेवरचा निर्माता, बघतो. प्रसंग दोन-तीन मिनिटांपलीकडे ताणू नये. त्यानंतर माणूस गोंधळलेला राहत नाही, चिडतो. सेव-उसळीच्या गाडीवर ऐन गर्दीत गेलात तर त्याचं गिऱ्हाईक तुटतं. दुपारी चारला जा, सगळ्यांनी खा आणि पैसे द्या. ड्युटीवर असलेला बसचालक, रखवालदार, नर्स, दवाखान्याबाहेर बसलेली माणसं, स्मशानाकडे जाणारी गाडी, यांच्या वाटेला जाऊच नये.

आवाजाबद्दल थोडं, कारण नवशिके इथेच मार खातात. कॉलरचा स्वस्त वायरलेस माइक बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. मांडवीच्या गर्दीत शेकडो फोनांचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतं, म्हणून नेमकं उत्तराच्या वेळी ‘खर्र’ होतं. तुझ्या खिशात एक साधा रेकॉर्डर चालू ठेव, आवाज ४८ किलोहर्ट्झवर. प्रत्येक जागी कोणी न बोलता ३० सेकंद नुसता परिसराचा आवाज घे, जोड लपवायला तो लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं नाही तर चित्र फडफडतं. आणि गाणी टाकू नकोस. कॉपीराइटचा दावा आला की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात.

एडिटिंगमधली एक गोष्ट मात्र अगदी जवळून बघ. आजोबांना तू विचारलंस, ‘इथे विमानतळ कुठे?’ ते दोन सेकंद गप्प राहिले, मग हसले आणि म्हणाले, ‘इथे बैल उतरतात.’ हे सोनं आहे, कारण बाजी त्यांनी मारली. पण टाइमलाइनवर बसल्यावर हात शिवशिवतात: ते दोन सेकंदांचं गप्प राहणं उचलायचं, दुसऱ्याच प्रश्नापुढे चिकटवायचं, वर ‘टुंग’ असा आवाज टाकायचा. आता आजोबा बावळट दिसतात. शब्द एकही खोटा नाही, तरी माणूस खोटा झाला. (ही आजोबांची ओळ उदाहरणादाखल माझी, तुझा व्हिडिओ मी पाहिलेला नाही. पण बहुतेक चॅनेलांवर हे असंच होतं.) नियम साधा ठेव: प्रतिक्रिया ज्या प्रश्नाची, त्याच प्रश्नापुढे.

कायद्याचं थोडक्यात, पण कानावर असू दे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. वाट अडवणं कलम २८५, माणसाला जाऊ न देणं कलम १२६, बाईला लज्जा वाटेल असं बोलणं किंवा हावभाव कलम ७९ (३ वर्षांपर्यंत कैद). नकली टीसी किंवा पोलीस बनून खेळ करणं कलम २०४ खाली येऊ शकतं आणि तिथे शिक्षा किमान ६ महिन्यांपासून सुरू होते. गाडीत किंवा फलाटावर धिंगाणा म्हणजे रेल्वे कायद्याचं कलम १४५. कवांटचे व्हिडिओ मात्र आजच्या आज काढून टाक. होळीनंतरच्या त्या मेळ्यात राठवा आदिवासी नटूनथटून येतात, तो त्यांचा सण आहे. भर मेळ्यात त्यांच्या पोशाखाची टर उडवणं हे अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ पर्यंत जाऊ शकतं, आणि त्यात अटकपूर्व जामीन मिळणं सोपं नाही.

मग करायचं काय? तुझ्याकडे एक भांडवल आहे आणि ते पत्रात नकळत दिसतं. तू बडोद्याचा मराठी आहेस. घरी मराठी, गल्लीत गुजराती. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, मोकळा. मराठीत नवरा म्हणजे काय ते सांगायला नको. ‘जमवुं’ म्हणजे जेवणं, आणि आपल्याकडे जमणं म्हणजे साधणं. हीच मराठी घेऊन पुण्याला जा. सदाशिव पेठेतल्या दुकानदाराला दुपारी एक वाजता अदबीने विचार, ‘काका, तुम्ही नवरे आहात का?’ पुढे काय होईल ते लिहून ठेवायची गरज नाही. ‘जमलं का?’ विचारलंस तर तो म्हणेल, ‘काय जमलं?’ आणि तू म्हणशील, ‘वरण-भात.’ इथे भाबडा तू आहेस, शहाणा दुकानदार आहे, आणि उलगडा झाल्यावर तोच आणखी दोन शब्द शिकवेल. सही द्यायलाही तो नाही म्हणणार नाही, फार तर शुद्धलेखन तपासेल.

सहा-सात मिनिटांचे असे तीन भाग कर. दोन बडोद्यात, एक पुण्यात. दाखवायला एवढं पुरे. आणखी १४ नकोत.

कॉलेजचं: सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचं एम.डेस., दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळीकडे पदवी मागतात. सूरसागर तलावासमोर सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे; तिच्या नाट्यविभागात जा, तिथल्या प्रयोगांना बस, बॅकस्टेजला हात लाव. थांबायचं कुठे आणि किती, म्हणजे विनोदातला ‘पॉज’, हे तिथे शिकशील, फोनवर नाही. आणि बी.कॉम.ला कमी लेखू नकोस. चित्रीकरणाच्या युनिटमध्ये रोजचा खर्चाचा तक्ता, व्हाउचर, टीडीएस, जीएसटी समजणारा माणूस सापडणं अवघड असतं. प्रोडक्शन अकाउंट्समधून लाइन प्रोड्यूसर, म्हणजे चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारा, होणं ही सरळ वाट आहे. कॅमेऱ्यासमोर जायला पुढेही मिळतं.

आता वडिलांसाठी. तुमच्या दोन ओळींना उत्तर, दादा. पोट लगेच भरत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी ४ मिनिटं थांबला तरी ६०,००० वेळा पाहिलं जायला हवं, आणि शॉर्ट्सच्या फीडमधली वेळ यात धरत नाहीत. एवढं करूनही ती फक्त दाराची कडी, पगार नव्हे. ब्रँडचे पैसे आले तर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि टवाळीच्या चॅनेलशी नाव जोडायला ब्रँड कचरतात.

केसचं म्हणाल तर, सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये गुन्हा नोंदला आहे का, खटला चालू आहे का, हे विचारतात. किरकोळ प्रकरण उघड सांगितलं तर नोकरी देणारा विचार करू शकतो, लपवलं तर तेच अंगाशी येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंह प्रकरणातल्या निकालाचा रोखही हाच आहे. शिवाय फौजदारी न्यायालयात प्रकरण चालू असताना पासपोर्ट नाकारता येतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. प्रवासाचा कार्यक्रम करणाऱ्याचाच पासपोर्ट अडकला, तर काय करायचं हे त्याला जेवताना विचारा.

पुण्याचा भाग चित्रित झाला की न कापलेली पहिली दहा मिनिटं आणि भरलेल्या संमतीपत्रांचे फोटो पाठव. कापलेला व्हिडिओ नको.