रजा एका वर्षाचीच, मग निरोपाला एवढं रडू का यायचं?

तुम्ही विचारलंय की मिशनरी कुटुंबं वर्षभराच्या रजेवर मायदेशी जायची आणि परतही यायची, मग त्यांना निरोप देताना इथली माणसं एवढी का रडायची? मी नगरच्या (आताचं अहिल्यानगर) एका मिशन कंपाउंडात वाढलो. आजोबा शाळेत मास्तर आणि आजी एका अमेरिकन कुटुंबाकडे आया. १९६४ मध्ये ते कुटुंब निघालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

त्या रजेला आमच्याकडे 'फर्लो' म्हणत. 'साहेब फर्लोवर चालले.' पाच-सात वर्षं काम झालं की एक वर्ष मिळायचं. ते आरामाचं मात्र नव्हतं. तिकडे चर्चमागून चर्च फिरून इथल्या शाळा-दवाखान्यांबद्दल सांगायचं, मदत गोळा करायची, थकलेल्या आईवडिलांना भेटायचं, स्वतःच्या तब्येतीची तपासणी करून घ्यायची. डॉक्टरांनी नको म्हटलं, आईवडील अंथरुणाला खिळले, तर परत येणं राहून जायचं. स्वातंत्र्यानंतर व्हिसाचीही काळजी असायची. त्यामुळे 'येतो' म्हणणाऱ्यालाही आपण खरंच येऊ याची खात्री नसायची.

नगरात ही धास्ती फार जुनी. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासून. याच मिशनचे एक मिशनरी, थोरले ह्यूम, मुंबईत काम करायचे. १८५४ मध्ये बायकामुलांना घेऊन अमेरिकेला निघाले आणि वाटेत बोटीवरच वारले. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. तो तिकडे शिकून १८७४ मध्ये परत आला, आणि नगरात पन्नासएक वर्षं राबला. ही हकिगत आजोबांच्या तोंडी कायम असायची. कुणीही फर्लोवर निघालं की ते जेवताना गप्प असायचे.

निघायच्या आधी महिनाभर बंगल्यात आवराआवर चालायची. लोखंडी ट्रंका व्हरांड्यात मांडलेल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नावं. जे न्यायचं नाही ते सगळं मागच्या एका खोलीत. भांडी, पुस्तकं, मुलांची लाकडी गाडी. कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकायच्या आणि खोलीला कुलूप लावायचं. किल्ली साहेबांनी आजोबांच्या हातात दिली. वर्षभर दर पंधरा दिवसांनी आजोबा ती खोली उघडून वाळवी लागली नाही ना ते बघायचे, पुस्तकं झटकायचे, पुन्हा होती तशी लावायचे. मी बरोबर जायचो. ती लाकडी गाडी मला हवी होती, पण त्यांनी एकदाही हात लावू दिला नाही.

आजीने गोधडी शिवली. कंपाउंडातल्या प्रत्येक घरातून एकेक जुनं लुगडं मागून आणलं आणि दुपारभर व्हरांड्यात बसून टाके घातले. ती होती साहेबांच्या थोरल्या मुलासाठी. त्याला तिने तान्हेपणापासून सांभाळलेलं. तो कोडाईकॅनॉलच्या मिशनरी मुलांच्या शाळेत शिकायचा, पण सुट्टीत आला की आमच्यासारखंच नगरी मराठी बोलायचा. त्याची आई म्हणायची, 'आता आपण घरी जाणार.' एका संध्याकाळी त्याने आजीला विचारलं, 'बाई, ते घर, मग हे काय?' आजीला उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पोराच्या प्रश्नातच आहे. मोठी माणसं आपल्या देशाला निघालेली असायची, आणि लेकरं आपला देश सोडून.

निघण्याच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग सगळे स्टेशनवर. शेवंतीचे हार, फराळाचे डबे, पेटी आणि टाळ. नारायण वामन टिळकांचं भजन सुरू झालं. टिळक नगरात राहून गेलेले, त्यांची भजनं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ. दौंडकडे जाणारी गाडी आली. तिथून मुंबई, मग बॅलार्ड पिअरवरून बोट. गाडी हलली तरी मडमसाहेबांनी आजीचा हात सोडला नव्हता. आजी चार पावलं गाडीबरोबर चालली.

वर्षाने ते परत आले. आम्ही त्याच फलाटावर हार घेऊन उभे होतो. साहेब उतरले, मडमसाहेब उतरल्या, धाकट्या दोघी उतरल्या. आजी डब्याच्या दाराशीच थांबली. मडमसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की थोरला शिक्षणासाठी तिकडेच राहिला. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. हे पत्राने कळवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

नाताळात त्याचं पत्र आलं, वेड्यावाकड्या देवनागरीत. आजीला वाचता येत नव्हतं, मीच वाचलं. तिकडे बर्फ फार पडतो आणि गोधडी अंगावर घेतो, एवढंच होतं. आजीने ते माझ्याकडून त्या रात्री चारदा वाचून घेतलं.