प्रायोगिक बसलेनसाठी महापालिकेने हरकती-सूचना मागवल्या आहेत. लिहून काही उपयोग होतो का, आणि नेमकं काय लिहायचं?

तुमच्या प्रश्नात शहराचं नाव नाही, पण बाकीचं चित्र स्पष्ट आहे. दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असलेला रस्ता, त्यातली कडेची लेन तीन महिने फक्त बसना, वर्तमानपत्रात जाहीर प्रकटन, आणि घरचे म्हणतायत की सगळं आधीच ठरलेलं असतं, कशाला कागद खराब करतोस.

घरचे निम्मे बरोबर आहेत. लेन करायची की नाही हे बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. पण तीन महिन्यांनी तिला 'यशस्वी' म्हणायचं की 'फसली' म्हणायचं, हे ठरलेलं नसतं. तुमचं पत्र त्याबद्दल असू द्या. 'माझा विरोध आहे' किंवा 'माझा पाठिंबा आहे' एवढ्याच मजकुराची पत्रं मोजली जातात, अहवालात 'अमुक हरकती प्राप्त' असं एक वाक्य येतं, आणि विषय संपतो.

मी पुण्याचा, सातारा रस्त्यालगत राहणारा, त्यामुळे जे पाहिलंय त्यावरून सांगतो. डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी लेन, आमच्याच दारातून सुरू झाली, कात्रज ते स्वारगेट, आणि पुढे हडपसरकडे. तिलाही 'प्रायोगिक' म्हटलं होतं. पैसा केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरसुधारणेच्या योजनेतला, त्यामुळे घाईही होती. प्रयोग नेमका कशाचा, म्हणजे बसचा वेळ इतका वाचला तर पास, अपघात इतके झाले तर नापास, असं काही आम्हा रहिवाशांसमोर कधी आलं नाही. मग व्हायचं तेच झालं. ज्याला बीआरटी नको होती तो अपघात दाखवायचा, ज्याला हवी होती तो बसचा वेग दाखवायचा, आणि दोघेही आपापल्या जागी खरे होते. परीक्षा झाल्यावर पासाचे मार्क ठरवायचे असले की जो मोठ्याने बोलेल तो जिंकतो.

त्या मार्गाचे दोष प्रत्यक्ष वापरणाऱ्याला पहिल्या आठवड्यात दिसत होते. बसथांबा रस्त्याच्या मध्ये, त्यामुळे बस दिसली की म्हातारं माणूस असो की दप्तर घेतलेलं पोर, गाड्यांमधून वाट काढत पळायचं. लेनच्या तोंडाशी दुचाकीवाले डोकावून बघायचे, वॉर्डन पाठमोरा असला की आत. आणि लेन सलग नव्हतीच. रस्ता जिथे आखडायचा, तिथे लेनही संपायची. म्हणजे बसला जिथे खरी गरज, तिथेच ती बाकीच्या गर्दीत. रिकाम्या पट्ट्यात मोकळी लेन मिळून बसचा काय फायदा? यातलं एकही निरीक्षण काढायला तज्ज्ञ लागत नाही. रोज त्या रस्त्याने जाणारा माणूस लागतो, आणि त्याने ते वेळेत लिहून द्यावं लागतं.

२०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गाने 'रेनबो' बीआरटी आली तेव्हा बरंच सुधारलेलं होतं: उंच स्थानकं, बसला उजवीकडे दारं, पायरी न चढता आत. पिंपरी-चिंचवडमधला दापोडी-निगडी मार्ग तर उच्च न्यायालयापर्यंत गेला, आयआयटी मुंबईने सुरक्षिततेची तपासणी केली, आणि २०१८ मध्ये तिथे बस धावायला लागल्या. तपासणी आधी, बस नंतर, हा क्रम मागता येतो आणि मिळू शकतो, एवढ्यासाठी हे उदाहरण तुमच्या पत्रात घाला. उलट नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग अलीकडेच उखडला गेला. तेव्हा एकदा बांधलं म्हणजे राहिलंच, असंही नाही.

दिल्लीचं प्रकरणही माहीत असू द्या. २००८ मध्ये अंबेडकर नगर ते मूलचंद, ५.८ किलोमीटर. मोटारवाल्यांची ओरड पहिल्या दिवसापासून. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे २०१२ मध्ये बसलेनमध्ये सगळी वाहनं सोडूनही पाहण्यात आलं, आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा कौल बीआरटी नसलेली बरी असा आला. तरीही न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये याचिका फेटाळली. वाद सगळा मोजायचं काय यावर होता. वाहनं मोजली की बसलेन वाईट दिसते, माणसं मोजली की चांगली दिसते. कोर्टात टिकलेली ती लेन २०१६ मध्ये सरकारने उखडून टाकली, हा पुढचा भाग.

म्हणून तुमची पहिली मागणी ही: मोजणी माणसांची करा, वाहनांची नको. आणि लेन सुरू होण्यापूर्वी एकदा, नंतर महिन्या-महिन्याने, त्याच चौकात, त्याच वेळी.

इथे बसप्रेमी मंडळी एक हिशेब तोंडावर फेकतात, तो असा. मिनिटाला एक बस, बसमध्ये ५० माणसं, तर तासाला ३,००० माणसं एका लेनमधून गेली. तेवढीच मोटारीने न्यायची तर, मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर, २,००० मोटारी लागतील, आणि सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला हजारही सुटत नाहीत. हिशेब बरोबर आहे. पण तुमच्या रस्त्यावर मिनिटाला बस येते का? दहा मिनिटांनी येत असेल तर तासाला ३०० माणसं झाली. तेवढी तर दुचाक्यांवरून कुठल्याही लेनमधून सहज जातात. आपल्याकडे लढत बस विरुद्ध मोटार अशी नसतेच, ती बस विरुद्ध दुचाकी असते, आणि दुचाकी जागाही थोडी खाते. परदेशातली आकडेवारी आणून इथे चिकटवणाऱ्यांना हे सांगायला हवं. मी बसलेनच्या बाजूचा आहे, तरीही म्हणतो: बस न वाढवता केलेली लेन ही लेनच्या शत्रूंना दिलेली भेट आहे. तेव्हा दुसरी मागणी, या तीन महिन्यांत या मार्गावर गर्दीच्या वेळी तासाला किती बस सोडणार, ते परिवहन उपक्रमाने लेखी द्यावं.

शिवाय चांगली चालणारी बसलेनसुद्धा रिकामीच दिसते. मिनिटाला बस असली तरी उरलेली पन्नास सेकंदं डांबरच दिसतं, आणि शेजारच्या लेनमध्ये अडकलेला माणूस त्या पन्नास सेकंदांचाच फोटो काढतो. ग्रुपवर तो फोटो फिरतो. त्याला उत्तर म्हणून हातात माणसांची मोजणीच लागते.

ती मोजणी तुम्हीही करू शकता. दोघं जण, एक वही, सकाळी साडेनऊच्या सुमारास चौकाच्या अलीकडे, जिथे गाड्या सिग्नलला थांबतात तिथे. एकाने दुचाकी आणि रिक्षा घ्यायच्या, दुसऱ्याने मोटारी आणि बस. दुचाकीवर किती, रिक्षात किती, प्रत्येकासाठी एक रेघ, पाचवी आडवी. बसमध्ये माणसं मोजणं जमत नाही, तेव्हा तीनच खुणा ठेवा: जागा रिकाम्या, जागा भरल्या, दारापर्यंत उभे. शाळेच्या व्हॅन वेगळ्या लिहा, त्यात पोरं कोंबलेली असतात आणि ती कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन तुकडे पुरतात. पत्राला तो कागद जोडलात की तुमची हरकत बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळी निघते. कारण त्या फाइलमध्ये बहुधा तेवढेच आकडे असतात!

आता कायद्याचं थोडं. आपल्याकडे वाहतुकीतले असे बदल बहुधा वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होतात, मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ११५ आणि त्यापुढची कलमं लावून. कलम ११५ मध्ये एक बारीक तरतूद आहे: निर्बंध महिन्याभरापेक्षा जास्त टिकणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. तुमची लेन तीन महिन्यांची आहे. म्हणजे अधिसूचना निघायला हवी. ती कोणत्या तारखेची, कुणाच्या सहीची, मुदत कधी संपते, हे पत्रात विचारा. यात आडमुठेपणा काही नाही. मुदत छापील असली की 'प्रायोगिक' म्हणून सुरू झालेलं तसंच वर्षानुवर्षं लोंबकळत राहत नाही, आणि कुणाच्या तरी फोनवरून पंधराव्या दिवशी गुंडाळलंही जात नाही. दोन्ही होतं.

इंग्लंडमध्ये यासाठी एक पद्धत आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. तिथे प्रायोगिक आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, आणि हरकती घ्यायचा काळ म्हणजे आदेश लागू झाल्यानंतरचे पहिले सहा महिने. लोक लेन डोळ्यांसमोर चालू असताना मत देतात. आपल्याकडे हरकतींची मुदत बहुधा लेन सुरू होण्याआधीच संपते, त्यामुळे पत्रात असते ती नुसती भीती. 'दुकान बसेल', 'ॲम्ब्युलन्स अडकेल', 'गल्लीत गाड्या घुसतील'. यातलं काही खरं ठरतं, काही नाही, पण ठरल्यावर सांगायला खिडकीच उघडी नसते. तर तिसरी मागणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: लेन चालू असताना दुसऱ्यांदा हरकती-सूचना घ्या, आणि अंतिम निर्णयाआधी जाहीर सुनावणी ठेवा.

यानंतर तुमच्या रस्त्याचं जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते लिहा. इथे हात आखडू नका. कडेची लेन म्हणजे आपल्याकडे अख्ख्या रस्त्याचं अंगण. रिक्षा स्टँड तिथेच, दुकानांचा टेम्पो तिथेच उतरतो, घंटागाडी तिथेच थांबते, हातगाडी तिथे, आणि पावसाळी गटाराची जाळी खचलेली असते तीही तिथेच, म्हणून बसचालक आपणहून लेन सोडून बाहेर येतो. श्रावण-भाद्रपदात प्रयोग असेल तर मांडवाचा प्रश्न आहेच. यातली प्रत्येक गोष्ट जागा सांगून लिहा: 'अमुक बँकेसमोर', 'तमुक शाळेच्या फाटकाशी, सकाळी सात ते साडेसात'. 'पार्किंगचा त्रास होईल' या वाक्यावर साहेब काहीच करू शकत नाही. 'औषधाच्या घाऊक दुकानांचा माल सकाळी दहा ते बारा उतरतो, तो आठच्या आत उतरवायची वेळ ठरवून द्या' यावर करू शकतो. दुकानदारांना शत्रू धरू नका. माल उतरवायला वेळ आणि जागा मिळाली तर त्यांचा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा गाडी दारात लावण्याबद्दल असतो, त्याला इलाज नाही.

मजकूर कसा असावा, त्याचा एक नमुना देतो, तुमच्या पद्धतीने बदला:

'सदर प्रायोगिक बसलेनला माझा सशर्त पाठिंबा / सशर्त विरोध आहे. प्रयोग सुरू होण्यापूर्वी पुढील बाबी जाहीर कराव्यात ही विनंती. प्रयोगाचे यश कोणत्या निकषांवर ठरणार? बसचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा वेळ, प्रवाशांची संख्या, अपघात, शेजारच्या गल्ल्यांतील वाहतूक यांची मोजणी कोण व कधी करणार? ती आकडेवारी संकेतस्थळावर दर महिन्याला येईल काय? लेनमध्ये उभ्या वाहनांवर कारवाई कोणाची, महापालिकेची की वाहतूक पोलिसांची? माझ्या पाहणीचा कागद सोबत जोडला आहे.'

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण बसलेनचा जीव त्यात आहे. लेनमध्ये एक मोटार दहा मिनिटं उभी राहिली तर मागच्या सगळ्या बस बाहेर येतात, आणि टोइंगची गाडी कुणाच्या अखत्यारीत यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पत्र ई-मेलने पाठवाच, पण एक प्रत आवक-जावक खिडकीवर नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एका कार्यालयात मला 'साहेबांच्या टेबलावर ठेवतो, शिक्क्याची काय गरज' असं गोड बोलून परत पाठवत होते. हलायचं नाही, हसून तिथेच उभं राहायचं, पाच मिनिटांत शिक्का निघतो. प्रती तिघांना: महापालिकेचा पथ विभाग, वाहतूक पोलिसांचे उपायुक्त, आणि परिवहन उपक्रम. नगरसेवकालाही द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रयोग संपल्यावर काहीच कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 'बसलेनबद्दल माहिती द्या' असं मोघम मागितलंत तर मोघमच मिळेल. मोजणीचे तक्ते, प्राप्त हरकतींवरचे अभिप्राय आणि सुनावणीचं इतिवृत्त, अशा कागदांच्या नावाने मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. तुमच्याकडे आवक क्रमांक असेल तर 'आपली हरकत प्राप्त झालेली नाही' असं लिहिता येत नाही.

आणि प्रकटनातली शेवटची तारीख नीट बघा. ती शनिवारी-रविवारी येत असेल तर खिडकी बंद असणार, तेव्हा शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी जाऊन या.