पोळं उतरवायचं, पण कडक थंडी पडून गेल्यावर

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. अंगणातल्या मेपलची पानं गळाली तेव्हा वर, साधारण बारा फुटांवर, राखाडी कागदाचं असावं तसं एक मोठं पोळं दिसलं. उन्हाळाभर मुलं त्याच झाडाखाली खेळत होती, पण कुणालाच पत्ता नव्हता. शेजारचे आजोबा म्हणाले, हे हॉर्नेटचं, म्हणजे मोठ्या गांधीलमाश्यांचं पोळं, पूर्वी लोक हौसेनं घरात टांगत. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला ते तिच्या खोलीत हवंय. नवरा म्हणतो, स्प्रे मारून पाडून टाकू. ते सुरक्षितपणे काढता येईल का? आणि घरात उबेला ठेवल्यावर त्यातून पुन्हा माश्या निघतील का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. पोळं जरूर ठेवा. स्प्रे मात्र अजिबात मारू नका. त्यानं कागद भिजतो, डाग पडतात आणि विष कागदात मुरून राहतं. असली वस्तू मुलीच्या खोलीत कशाला? शिवाय थोडी कळ काढलीत तर मारायला आत कुणी उरणारच नाही.

तुमच्या वर्णनावरून हे बाल्ड-फेस्ड हॉर्नेटचं पोळं आहे. माशी काळी, तोंडावर आणि पोटाच्या टोकाला पांढऱ्या खुणा. नावात हॉर्नेट असलं तरी ती खरी यलोजॅकेट या काळ्या-पिवळ्या गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातली. अमेरिकेच्या पूर्व भागात फार पूर्वीपासून स्थिरावलेली खरी हॉर्नेट एकच, युरोपातून एकोणिसाव्या शतकात आलेली तपकिरी माशी. पण ती बहुधा झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत घर करते. उघड्या फांदीवर लटकणारं राखाडी पोळं तिचं नव्हे.

आता हा सगळा संसार एका वर्षाचा कसा, ते सांगते, कारण तुमची सुरक्षितता त्यावरच उभी आहे. वसंतात एकटी राणी पोळ्याला सुरुवात करते. पहिल्या कामकरी माश्या तयार झाल्या की बांधकाम त्या हाती घेतात आणि राणी फक्त अंडी घालते. उन्हाळा संपता संपता एका पोळ्यात ४०० ते ७०० कामकरी असू शकतात. मग नव्या राण्या आणि नर जन्मतात, बाहेर पडतात, मीलन होतं. नर मरतात. फळलेल्या नव्या राण्या कुजक्या ओंडक्यात, सालीखाली, मातीत जाऊन हिवाळाभर दडून बसतात. जुनी राणी आणि तिच्या सगळ्या कामकरी मुली थंडीनं मरतात. पुढच्या वसंतात प्रत्येक नवी राणी नवं घर बांधते, जुन्यात परत येत नाही. म्हणजे तुम्ही जे घरात आणाल ते रिकामं घर असेल, आणि ते नेल्यानं कुणाचं नुकसान होणार नाही. पक्ष्यांचं थोडं होईल. ब्लू जे, सुतारपक्षी हिवाळ्यात अशी पोळी फाडून आतल्या मेलेल्या अळ्या खातात.

पण पानं गळणं म्हणजे माश्या मरणं नव्हे, इथेच घाई होते. पहिल्या हलक्या दंवानंतर दुपारी ऊन पडलं की उरलेल्या माश्या पुन्हा उडू लागतात, आणि पोळ्याला धक्का लागला तर तेवढ्याही पुरेशा असतात. या माश्यांची नांगी मधमाशीसारखी तुटून अडकत नाही, एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. रात्रीचा पारा शून्याच्या चांगला खाली, उणे चार-पाच सेल्सिअसपर्यंत, बऱ्याच रात्री गेला पाहिजे. तुमच्याकडे नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबर धरा. त्यानंतर एखाद्या उबदार, निरभ्र दुपारी दुर्बीण घेऊन खिडकीत बसा आणि पोळ्याच्या खालच्या बाजूच्या दाराकडे अर्धा तास नजर ठेवा. एकही माशी आत-बाहेर करताना दिसली तर बेत पुढे ढकला. असं दोन-तीन दुपारी बघा. खडा मारून बघू नका. आणि फार लांबवूही नका, जानेवारीचा बर्फ आणि वारा कागदाच्या चिंध्या करतात.

हे गणित फक्त कडक हिवाळ्याच्या मुलखाचं. तुमचा कुणी नातलग फ्लोरिडात किंवा अलाबामात असेल तर त्याला हा सल्ला पाठवू नका. तिथे यलोजॅकेटची काही पोळी हिवाळा ओलांडून दुसऱ्या वर्षीही वाढत राहतात.

काढताना पोळं फांदीवरून ओढून सोडवायला जाऊ नका. कागद फांद्यांभोवती गुंफून बांधलेला असतो. ओढलंत तर हातात तुकडे येतील. दोन्ही बाजूंना वीतभर अंतर ठेवून फांदीच करवतीनं कापा. त्याआधी खालून मोठी प्लास्टिकची पिशवी वर चढवून तोंड फांदीला बांधून घ्या. शिडी धरायला दुसरं माणूस हवंच. तुमच्या यजमानांना हे काम द्या, त्यांचा उत्साहही सत्कारणी लागेल. हातमोजे घाला, कारण मेलेल्या माशीची नांगीही टोचते. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर विषय तिथेच संपला, ते पोळं झाडालाच राहू दे. आणि घरात ज्याला पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या असतील, ओठ-घसा सुजला असेल, धाप लागली असेल, त्यानं झाडाखालीही उभं राहू नये. अशी लक्षणं कुणालाही दिसली तर घरगुती उपाय करत न बसता लगेच ९११. तीव्र ॲलर्जीवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन घरात असेल तर ते आधी.

खाली उतरवलेलं पोळं थेट खोलीत नेऊ नका. पिशवीत बांधूनच बाहेरच्या थंड गराजमध्ये काही आठवडे राहू दे. डीप फ्रीझरमध्ये मावत असेल तर आठवडाभर तिथे ठेवलंत तर आणखी चांगलं. हॉर्नेट गेल्या तरी कोळी, भुंगेरे, इतर कीटक आडोशाला आत शिरलेले असतात. मेलेल्या अळ्यांचा वासही येतो. ते वाळून वास गेला की मग आत आणा. नंतर घरातले गालिचे खाणारे भुंगेरे त्या अवशेषांवर येऊ शकतात, तेव्हा खाली बारीक भुसा पडताना दिसला तर पुन्हा फ्रीझर. स्वयंपाकघर आणि फायरप्लेस यांपासून दूर टांगा, हा सुका कागद आहे, क्षणात पेटेल. पारदर्शक वॉर्निश मारायला बरेच जण सांगतात. मला ते पसंत नाही. रंग गडद होतो आणि पोळ्याची खरी गंमत झाकली जाते.

ती गंमत म्हणजे पट्टे. कामकरी माशी जुन्या, उन्हापावसानं राखाडी झालेल्या लाकडाचा पृष्ठभाग जबड्यानं खरवडते, लाळेत मळून गोळी करते आणि ती पोळ्याच्या कडेला पातळ पट्टीत पसरते. प्रत्येक खेपेची एक अरुंद पट्टी. कुंपणाचं लाकूड वेगळं, वाळक्या फांदीचं वेगळं, म्हणून करड्या, पांढुरक्या, तपकिरी लहरी एकावर एक दिसतात. मी मॅसॅच्युसेट्समध्ये मुलाकडे असते तेव्हा त्याच्या ओसरीवरच्या पोळ्यापुढे नात आणि मी भिंग घेऊन बसतो. त्यात एक तांबूस पट्टा आहे, तो शेजाऱ्यांच्या सीडरच्या कुंपणाचा असावा असा आमचा तर्क. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यानं १७१९ मध्ये याच कारागिरीकडे बोट दाखवलं होतं : या माश्या लाकडापासून कागद करतात, मग माणसानं कागदासाठी कापडाच्या चिंध्यांवरच का अवलंबून राहावं? लाकडी लगद्याचा कागद कारखान्यांतून निघायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं लागली. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. पोळ्याची एक बाजू पक्ष्यांनी आधीच फाडलेली असेल तर ती चिकटवू नका. तिथून आतले खोल्यांचे आडवे थर, एकाखाली एक टांगलेले, आणि त्यांच्याभोवती हवेची पोकळी ठेवून केलेली कागदाची वेष्टनं दिसतील. घर उबदार ठेवण्याची ती त्यांची रीत.

प्रश्न : मी देवरूखजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेमागच्या आंब्यावर गांधीलमाश्यांचं बंद, मोठं पोळं आहे. प्रयोगशाळेसाठी ते हवं होतं. शिपाईकाका म्हणतात, रात्री धूर देऊन काढून देतो. काढू द्यावं का?
– एक शिक्षिका

उत्तर : नाही. बाई, शिपाईकाकांना आजच सांगा, आणि मुलांना त्या आंब्याखाली जाऊ देऊ नका.

वरच्या उत्तरातली सगळी भिस्त थंडीवर आहे आणि कोकणात ती थंडीच नाही. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या एका लहान गांधीलमाशीवर, रोपालिडिया मार्जिनाटावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी अनेक दशकं काम केलं. तिची पोळी वर्षभर कधीही सुरू होतात आणि वर्षभर चालू राहू शकतात. अमुक महिन्यात पोळं रिकामं, असं आपल्याकडे कुणी सांगू शकत नाही. बंद पोळ्यात तर आत काय आहे ते बाहेरून दिसतही नाही. धुरानं माश्या अंधारात भडकून बाहेर येतात. पोळं येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर वन विभागाला किंवा अग्निशमन दलाला कळवा. कुणाला बऱ्याच माश्या डसल्या, किंवा एकाच डंखानं श्वास अडकू लागला, तर १०८.

प्रयोगशाळेसाठी त्याच लहान माशीचं, वासा-कौलांखाली एका देठावर लटकणारं उघडं पोळं शोधा. त्याला वेष्टन नसतं, त्यामुळे सगळ्या खोल्या दिसतात. राबत्या पोळ्यावर रात्री माश्या बसलेल्या असतातच. दुरून टॉर्चनं चार-पाच संध्याकाळी बघा, सलग एकही माशी नसेल आणि खोल्यांत अळ्या किंवा पांढरी झाकणं नसतील तर ते सोडून दिलेलं आहे. देठापाशी पातळ सुरी फिरवून उतरवा. बऱ्याचदा अशी पोळी कमरेवर नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या गांधीलमाशीनं, व्हेस्पा ट्रॉपिकानं, लुटलेली असतात. ती अळ्या पळवते आणि धनीणी पोळं सोडून जातात. मुलांना हे दाखवता येईल.

भिंतीवरची कुंभारणीची मातीची घरंही घ्या. गोल भोक पडलं असेल तर आतली माशी बाहेर पडून गेलेली आहे, भोक नसेल तर हात लावू नका. प्रत्येक नमुन्याखाली कार्डावर तारीख, गाव, कशावर होतं, जमिनीपासून किती उंच, हे मुलांकडूनच लिहून घ्या.